आजीला दाराचं विचारा

बाथ, २१ सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आजीला ऐकू जात नाही आणि आई मध्येच जेवणाचं विचारते, म्हणून पत्र. मी मजेत आहे. जेवते. जागरणंही करत नाही. अकराला दिवा बंद, फार तर बारा.

गेल्या आठवड्यात इथे एक अजब प्रकार पाहिला. जेन ऑस्टिन ही इंग्रज कादंबरीकार १८०१ ते १८०६ या गावात राहिली, म्हणून दर सप्टेंबरात तिचा उत्सव असतो. चांगली नातवंडं असलेली माणसं दोनशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून रस्त्यानं चालतात. नाटक नाही, वरात नाही, नुसतं चालायचं. बायकांचे पायघोळ झगे, हनुवटीखाली फीत बांधलेल्या टोप्या, कित्येकींनी घरी शिवलेल्या. मग त्याच वेषात कॉफीच्या रांगेत! बाबा, तुम्ही म्हणाल आपल्याकडे शिवजयंतीला असतं तसंच. पण इथे ना राजा, ना घोषणा. सगळे आपले कुणाकडे तरी चहाला निघाल्यासारखे.

तिच्या कादंबऱ्याही तशाच. नेपोलियनशी युद्ध चालू होतं, तिचे दोन भाऊ आरमारात. आणि कादंबरीत येतं काय, तर गावात पलटण उतरली आणि पोरी खूश झाल्या. माझ्या कादंबरीतली, पुण्याच्या १८९७ च्या प्लेगची प्रकरणं का फसत होती ते तेव्हा कळलं. माझी माणसं रँडसाहेब कोण हे एकमेकांना सांगत बसायची, जणू तोंडी परीक्षा चालली आहे. साठ पानं फाडली. आता घरात नऊ वर्षांची एक मुलगी आहे आणि दारावर सोजिरांची थाप.

मागच्या महिन्यात चॉटनला, ती नंतर राहिली त्या घरी, तिचं लिहायचं टेबल पाहून आले. आपल्या मोठ्या परातीएवढं! तिथलं एक दार कुरकुरायचं, ते ती दुरुस्त करू देत नसे म्हणे. कुणी आलं की कळायचं, कागद लपवता यायचे. तेव्हा आजीला विचारा: वाड्याचं दार कसं वाजायचं? आधी कडी काढायचे की अडसर? तिच्या आजेसासूबाई प्लेगचं सांगायच्या, त्यात दाराचं काही होतं का? आजच विचारा. मी येईपर्यंत थांबू नका.

कारण दिवाळीला येणं जमत नाहीये. आईच्या गुडघ्याचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. शनिवारच्या जादा पाळ्या मात्र सोडल्या, लिहायला. म्हणून ऑक्टोबरपासून पाच हजार कमी येतील. यातून कमाई होईल असं मी म्हणतच नाही, बाबा. जेनबाईंना सगळ्यात गाजलेल्या कादंबरीचे एकरकमी ११० पौंड मिळाले होते.

मावशीनं सुचवलेल्या मुलाशी दोनदा बोलले. बरा आहे, हसतो चांगला. जेननं १८०२ मध्ये संध्याकाळी एकाला होकार दिला आणि सकाळी मोडला. मला तसं करायचं नाही, म्हणूनच अजून हो म्हटलेलं नाही. मावशीला एवढंच सांगा, बोलणं चालू आहे.

आजीला नमस्कार. कडी की अडसर, तेवढं नक्की कळवा.

तुमची,
मीनू