फुटबॉलमधून काढलं, संसदेत ठेवलं

संपादक साहेब,

मॉरिशसबद्दल आपल्या मराठी पेपरात काय छापून येतं तर बीच, हनिमून पॅकेज, गंगा तलावची महाशिवरात्र आणि "तिकडेही आपली मराठी माणसं गणपती बसवतात". सगळं खरंय, तक्रार नाही. पण मी इथेच राहतो आणि मला वाटतं या बेटाची खरी स्टोरी कळायची असेल तर इथल्या फुटबॉलकडे बघावं लागेल, आणि ती स्पोर्ट्स पेजवर कधीच येत नाही.

इथले जुने क्लब म्हणजे सरळ समाजांचे क्लब. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, गोऱ्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा डोडो क्लब, आणि फायर ब्रिगेड क्लबच्या मागे क्रिओल, म्हणजे आफ्रिकन गुलामांच्या वंशातले लोक. मुंबईकरांना हे नवीन वाटू नये, आपल्याकडे पेंटँग्युलर या जुन्या क्रिकेट स्पर्धेत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन अशाच टीम असायच्या आणि ज्यांचं कुठेच बसत नाही त्यांची 'द रेस्ट' (विजय हजारेंनी त्याच टीमकडून ३८७ पैकी एकट्याने ३०९ काढले होते, हे माहीत नसलेला मराठी क्रिकेटवेडा सापडणार नाही). गांधीजींनी १९४० मध्ये त्या प्रकाराला विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. इथे मात्र ऐंशीच्या दशकात फक्त नावं बदलली, हिंदू कॅडेट्सचा कॅडेट्स क्लब झाला, मुस्लिम स्काउट्सचा स्काउट्स क्लब, आणि स्टँडमध्ये बसणारे लोक तेच राहिले. पाटी बदलून काय होतं?

मग आलं १९९९. फेब्रुवारीत काया नावाचा लाडका क्रिओल गायक पोलिस कोठडीत मेला आणि बेटभर दंगे पेटले. ते जेमतेम थंड होतंय तोवर २३ मे ला लीगचा टायटल ठरवणारा सामना, स्काउट्स विरुद्ध फायर ब्रिगेड, बेल व्ह्यूच्या अंजले स्टेडियमवर. हे स्टेडियम ज्या अंजले कुपेनच्या नावाचं आहे ती १९४३ च्या मजूर आंदोलनात पोलिसांच्या गोळीने मेलेली गरोदर मजूर बाई, म्हणजे इथे मैदानाच्या नावातसुद्धा इतिहास आहे. फायर ब्रिगेड जिंकली, स्काउट्सचे फॅन भडकले आणि जमाव पोर्ट लुईपर्यंत जाऊन लामिकाल हा कॅसिनो जाळला गेला. आत सात माणसं मेली, त्यात एक गरोदर बाई आणि लहान मुलंही होती.

सरकारने दीड वर्ष देशातलं फुटबॉलच बंद ठेवलं, आणि परत सुरू केलं तेव्हा क्लब समाजाचे नाही, भागांचे. पोर्ट लुई, पाम्प्लेमूस, क्युरपिप असे. मारामाऱ्या थांबल्या हे कबूलच करायला पाहिजे. पण स्टेडियमही रिकामी झाली, कारण लोकांचा जीव जुन्या क्लबांत होता, आणि आता शनिवार-रविवारी बघाल तर पोरं मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल वरून भांडतात. माझं मत विचाराल तर तरीही सौदा वाईट नव्हता. रिकामं स्टेडियम परवडलं. आणि बेट एकत्र येत नाही असंही नाही, २०१९ ला हिंद महासागर बेटांचे खेळ इथे झाले, मेडल टेबलमध्ये मॉरिशस पहिला आला, तेव्हा कोण कुठल्या समाजाचा हे कोणी विचारत नव्हतं.

आता गंमत बघा. जे फुटबॉलमध्ये चालणार नाही म्हणून कायदा केला तेच संसदेत राजरोस चालतं. ६२ जागा मतदानाने भरतात, आणि वर जास्तीत जास्त आठ 'बेस्ट लूजर', म्हणजे हरलेल्यांतून निवडलेले, कुठल्या समाजाला कमी जागा मिळाल्या ते बघून. त्यासाठी उमेदवाराने आपण हिंदू, मुस्लिम, चिनी की 'जनरल पॉप्युलेशन' (म्हणजे क्रिओल, गोरे वगैरे बाकीचे सगळे) हे लिहून द्यायचं, आणि हिशोब कशावर तर १९७२ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर समाज मोजलेच नाहीत! त्या वेळी जन्मलेला माणूस आज आजोबा झाला असेल. यूएनच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये या सक्तीवर ताशेरे मारले, मग २०१४ च्या निवडणुकीपुरती लिहून न देण्याची सूट मिळाली, आणि पुढे पुन्हा जैसे थे.

ही पद्धत आली तेव्हा कारण होतं. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ चं आणि त्याच जानेवारीत पोर्ट लुईत मुस्लिम-क्रिओल दंगली झाल्या होत्या, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. छोट्या समाजांची भीती खोटी नव्हती, आजही नाही. पण त्यावर दुसरा इलाज सुचवलेला आहे, २००२ मध्ये निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या साक्स कमिशनने सांगितलं होतं की पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात ३० जागा वाढवा. ते धूळ खात पडलंय. २०२४ ला तर एका आघाडीने ६२ पैकी ६० जागा घेतल्या, म्हणजे विरोधकांना मिळालेली मतं गेली कुठे हा प्रश्न समाजाच्या हिशोबापेक्षा मोठा आहे, आणि बेस्ट लूजरने तो सुटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मॉरिशसवर पुरवणी काढाल तर एक पान याला द्या. बीचचे फोटो थोडे कमी छापले तरी चालेल.

आपला एक वाचक,
मॉरिशस