मनगट दुखतंय म्हणालीस म्हणून

वसई, १७ नोव्हेंबर

प्रिय बाय,

काल रात्री फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मनगट जरा दुखतंय, होईल बरं." मम्मी तेव्हा अंगणातले कपडे आत घेत होती, तिने ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि मग मला झोप लागेना. फोनवर या गोष्टी धड बोलता येत नाहीत. तू "हो पप्पा, हो पप्पा" करून विषय संपवतेस. म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

आधी एक सांगतो, ते आजपासूनच पाळ. दुखणं पूर्ण थांबेपर्यंत गिटार पेटीतून बाहेर काढू नकोस, आणि हाडांच्या डॉक्टरांची वेळ घे. मलम चोळायचं, पट्टा बांधायचा आणि पुन्हा वाजवायला बसायचं, असं करू नकोस. मी ते केलंय.

त्या लॉनवरच्या लग्नाचं तू सांगितलंस ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. पाचशे माणसं, मागे जनरेटर, बाजूला जेवणाची रांग, ताटांचा खणखणाट, आणि कोपऱ्यात एका खुर्चीवर तू. "कुणाला ऐकूच जात नव्हतं, म्हणून जोरात वाजवलं." हे तुझं वाक्य. तीन तास जोरात वाजवलंस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिसेंबरच्या कार्यक्रमाच्या रियाजाला बसलीस. मनगट दुखेल नाही तर काय होईल?

१९९९ सालच्या हंगामात मी एकवीस लग्नं वाजवली. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. तुळशीचं लग्न झालं की हिंदूंचे मुहूर्त सुरू होतात आणि आपल्याकडे चर्चमध्येही नोव्हेंबरपासून रांग लागते, ती थेट ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत. शनिवार, रविवार, कधी एका दिवसात दोन. घरात पैसा हवा होता, कुणाला नाही म्हणायची सोय नव्हती. पण माइक मात्र मी लावायचो नाही. स्पेनचे गिटारवादक सेगोव्हिया आयुष्यभर माइकशिवाय वाजवत आले, हजार-दोन हजार माणसांच्या सभागृहात वाजवत आले, मग मला भोंगा कशाला, असं माझं म्हणणं होतं. ते मी अभिमानाने सांगायचो. सेगोव्हिया वाजवत ती सभागृहं बंदिस्त होती, त्यासाठीच बांधलेली होती, आणि माणसं तिकीट काढून श्वास रोखून बसत. माझ्यासमोर उघडं मैदान होतं आणि मागे डिझेलचं इंजिन. हा साधा फरक मी लक्षात घेतला नाही.

आपलं वाद्य मुळात हळू बोलणारं आहे. नायलॉनच्या तारा, पातळ लाकडाची छाती, त्यातून जो आवाज निघतो तो खोलीभर पुरतो. तार जास्त जोराने ओढली की आवाज वाढतो थोडासाच, फुटतो मात्र जास्त. खर्जाच्या तारा पडद्यांवर खडखडतात. आणि हात काय करतो? बोटाचं काम मनगटावर येतं, मनगटाचं कोपरावर, कोपराचं खांद्यावर. तार सोडल्यानंतर बोट सैल पडायला हवं, ते पडेनासं होतं. लग्न संपतं, पण हाताची ही सवय संपत नाही.

त्या जानेवारीत मुंबईत माझा एकल कार्यक्रम होता. शेवटी स्पॅनिश गिटारवादक तारेगाची 'अल्हाम्ब्रा' ही रचना ठेवली होती, तू आता बसवते आहेस तीच. अंगठा, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, पुन्हा अंगठा. पाण्याच्या धारेसारखा अखंड सूर निघायला हवा. दुसऱ्या पानावर माझी अनामिका मागे पडायला लागली. धारेत खळगा पडल्यासारखा प्रत्येक चौथा ठोका अडखळायला लागला. मी ओढून नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत जाऊन बसलो तेव्हा पेटीची कडी लावता येईना, इतका हात थरथरत होता. मम्मीने पेटी बंद केली. लोकल गर्दीची होती, वसईपर्यंत पेटीही तिनेच छातीशी धरून आणली.

डॉक्टरांनी मनगटाच्या स्नायूबंधांना सूज आहे म्हणून सांगितलं आणि दोन महिने वाजवणं बंद केलं. हंगामाची उरलेली सात लग्नं गेली. शाळेतले तास मी गाऊन घेतले, फळ्यावर सूर लिहून घेतले. घर मम्मीच्या शिवणयंत्रावर चाललं. हे तुला आजवर कधी सांगितलं नाही. आता सांगतोय, कारण काल तू "होईल बरं" म्हणालीस ते अगदी माझ्यासारखंच म्हणालीस.

त्यानंतर मी धोबीतलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन आवाज मोठा करणारा एक लहान ॲम्प घेतला आणि गिटारच्या घोडीखाली तारांचा आवाज टिपणारा पिकअप बसवून घेतला. सेगोव्हियांना गुरू मानणारा मी, मला त्या दिवशी काहीतरी हरल्यासारखं वाटत होतं. मग कळलं की जॉन विल्यम्ससारखा गिटारवादकसुद्धा मोठ्या वाद्यवृंदासोबत वाजवताना ध्वनिवर्धक वापरायचा. आवाज मोठा करायचं काम यंत्रावर सोपवलं की हाताला हळू वाजवायची मोकळीक मिळते. बारीक सूर, सूर वळवणं, तार घोडीजवळ छेडायची की मधे, हे सगळं परत करता येतं. मी लग्नात खऱ्या अर्थाने वाजवायला लागलो तो ॲम्प आल्यावर.

माझा सध्याचा बॅटरीवर चालतो, तो तू घे. लॉनवाल्यांच्या साऊंड सिस्टिमला जोडू नकोस. जनरेटरची घरघर त्यातून येते आणि साऊंडवाला नेमका डीजेकडे गेलेला असतो. ॲम्प जमिनीवर ठेवायचा नाही, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तुझ्या थोडा पुढे. मागे ठेवलास तर गिटारची पोकळी घुमायला लागते. अजून एक. खुर्ची कुठे ठेवायची ते तू ठरव, मांडववाल्याला ठरवू देऊ नकोस. जेवणाच्या रांगेपासून लांब, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्यांजवळ. ते लवकर येतात, उशिरा उठतात आणि बसून असतात. पाचशे माणसांसाठी वाजवायचंच नाही, त्या तीस जणांसाठी वाजवायचं. तिथे उन्हाची तिरीप तेवढी नको. तापलेल्या गिटारचा डिंक सुटतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. "नऊ वर्षं शिकले ती भांड्यांच्या आवाजात वाजवायला का?"

बाय, मला हा प्रश्न लागला, पण तो तू विचारलास ते बरं झालं. मी लग्नं ही मैफलीला पैसे मिळावेत म्हणून करायची हमाली आहे असं मानत नाही. पूर्वी मानायचो. लग्नाला वेगळी स्वस्त गिटार न्यायचो, जुन्या तारा तशाच ठेवायचो. ते चूक होतं. काही गोष्टी मला चर्चमध्ये लग्न वाजवतानाच कळल्या, सभागृहात कधी कळल्या नसत्या.

नवरी चर्चमध्ये येताना वाजवतो तो पाखेलबेलचा कॅनन घे. सगळे मागतात म्हणून तुला कंटाळा आलाय, मला माहीत आहे. पण तो का मागतात ते बघ. खाली खर्जात आठ सुरांचा एकच फेरा आहे, मूळ रचनेत तो अठ्ठावीस वेळा येतो. आपण सहावी तार एक सूर उतरवून वाजवतो तेव्हा एक फेरा साधारण आठ-नऊ सेकंदांत होतो. फेऱ्याचा आठवा सूर पंचम. तिथून षड्जावर उतरलं की रचना संपली, ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटत नाही. म्हणजे दर आठ-नऊ सेकंदांनी बाहेर पडायला एक दार आहे. नवरी दारातून वेदीपर्यंत किती वेळात येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. कधी फुलं टाकणारी लहान मुलगी मधेच रडत बसते, कधी बापाचा गुडघा दुखत असतो, कधी झग्याचा घोळ बाकाला अडकतो. मी खांबाशी अशा जागी बसतो की दार आणि वेदी दोन्ही दिसतील. ती तिसऱ्या बाकाशी आली की शेवटचा फेरा सुरू करतो. तिचा बाप तिचा हात सोडतो आणि माझा षड्ज येतो. हे जेव्हा बरोबर जमतं तेव्हा चर्चमध्ये जी शांतता होते ती मला कुठल्याच सभागृहात मिळाली नाही. बाखचं 'जेसू, जॉय' तिथे वाजवून बघ, फसशील. त्याची वाक्यं लांब आहेत, मधे थांबायला जागा नाही. ते लग्नाच्या नोंदवहीवर सह्या चालू असतात तेव्हा वाजवावं. आणि मिस्साच्या प्रार्थनाविधीत काय चालेल, काय नाही, ते फादरांना आठवडाभर आधी विचारून ठेवत जा.

असं डोळे उघडे ठेवून वाजवायला लागल्यापासून माझ्या मैफलीतही फरक पडला. आधी मी मान खाली घालून डाव्या हाताकडे बघत वाजवायचो. आता समोरच्या माणसांचा श्वास कळतो.

कुणी हिंदी गाणं मागितलं म्हणून तुला वाईट वाटलं. एक गोष्ट ऐक. तारेगा लहानपणी घरातून पळून बार्सिलोनाला गेला आणि तिथल्या कॉफीगृहांत, खानावळींत वाजवून पोट भरत होता. पुढे त्याने शोपँ, अल्बेनिझ यांच्या पियानोच्या रचना गिटारवर आणल्या. दुसऱ्या वाद्याचं आपल्या वाद्यावर आणायचं हेच तर आपलं काम. पाच-सहा जुनी गाणी नीट बसव. खर्ज वेगळा, मधला भरणा वेगळा, वर चाल, अगदी बाख बसवतेस तशी. "क्लासिकल गिटार म्हणजे राग वाजवता का?" असं कुणी विचारलं तर चिडू नकोस. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर राग वाजवले आहेत, विचारणाऱ्याने कदाचित तेच ऐकलेले असतील. त्याला दोन मिनिटं समजावून सांग, की आपली ही दुसरी परंपरा, स्पेनमधली.

पैशाचं थोडक्यात. अर्धे तारीख ठरताना, उरलेले त्या दिवशी पेटी उघडायच्या आधी. किती तास, विश्रांती केव्हा, सावली आहे का, हे सगळं लिहून पाठव आणि उत्तर लिहून माग. एका मोठ्या घरच्या लग्नात मी चार तास वाजवलं आणि "उद्या पाठवतो" यावर घरी आलो. तो उद्या अजून आलेला नाही. सलग पाऊण तासाहून जास्त वाजवणार नाही, हेही लिही. हाताचं बोलणं झालं आहेच, त्यासाठी हे कागदावर हवं.

नखांचं मम्मी विचारत होती. तुझ्या अनामिकेचं नख परवा फोटोत लहान दिसलं तिला. सत्तावीस वर्षं या घरात मी नारळ फोडलेला नाही, फणस सोललेला नाही, खिडकीची कडी काढलेली नाही, सगळं तिने केलं. एकदाच, मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात एक मैफल ऐकायला म्हणून गेलो होतो, परतीच्या लोकलमध्ये दाराच्या दांड्याला नख अडकून तुटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये लग्न होतं. रात्री बारा वाजता ती शेजारच्या मुलाचा पिंगपाँगचा चेंडू मागून घेऊन आली. चेंडूचा तुकडा नखाच्या आकाराचा कापला, गोंदाने चिकटवला, बारीक पॉलिशपेपरने घासून घासून माझ्या बोटाला हवा तसा केला. दिव्याखाली बोट धरून बसली होती. तिच्या पाकिटात अजून एक चेंडू असतो. तुझ्या पेटीतही एक ठेव, आणि गोंदाची लहान बाटली.

डिसेंबरचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर ढकल. आयोजकांना आजच कळव, डॉक्टर काय म्हणतात त्याची वाट बघू नकोस. त्यांना आधी कळलं तर ते दुसऱ्या कुणाला विचारू शकतील. निदान 'अल्हाम्ब्रा' तरी काढून टाक. ती रचना शंभर वर्षांहून जुनी आहे, मार्चपर्यंत थांबेल.

पुढच्या महिन्यातली दोन लग्नं तू घेतली आहेस ती मोडू नकोस. त्या घरच्यांनी तारीख धरून ठेवली आहे. तुझा हात तोवर बरा झाला नाही तर मी वाजवीन. वाजवायच्या रचनांची यादी पाठव, म्हणजे मी आत्तापासून हात बसवतो. तुझ्यासारखी 'जेसू, जॉय' मला इतक्या वेगात येत नाही, पण सह्यांपुरती येते.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याला येतोय. ॲम्प घेऊन येतो, स्टूलही, आणि मम्मीने सुकेळी बांधून ठेवली आहेत. डॉक्टरांची वेळ शनिवारी दुपारची घे. तू आत जा, मी बाहेर बाकावर बसेन.

तुझा,
पप्पा