फॉलोअर मोजण्यापूर्वी देवघेवीची वही उघडावी

संपादक महोदय,

स्वयंसेवी संस्थांनी समाजमाध्यमांवर ठळकपणे दिसले पाहिजे, असा आग्रह धरणारा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकाची तळमळ मान्य. परंतु अशा दिसण्याची किंमत कोण मोजतो, हे त्यांनी एका वाक्यात उरकले आहे.

डिचोली तालुक्यातील आमच्या वाचनालयाने गतवर्षी एका कंपनीकडे सामाजिक दायित्व निधीतून दोन लोखंडी कपाटे मागितली होती, कारण पावसाळ्यात ओल धरून पुस्तकांना बुरशी येते. पाहणीस आलेल्या तरुण अधिकाऱ्यांनी टेबलावर ठेवलेली देवघेवीची वही उघडलीसुद्धा नाही. पहिला प्रश्न केला तो आमच्या पानाचे फॉलोअर किती, हा. नंतर पुस्तक परत करायला आलेल्या एका मुलीला तेच पुस्तक पुन्हा पुन्हा फळीवरून काढून हसायला लावले आणि तिसरीतल्या एका मुलाच्या हाती, लाल पुठ्ठा कॅमेऱ्यात उठून दिसतो म्हणून, जाडजूड शब्दकोश दिला. कपाटे अद्याप आलेली नाहीत. चित्रफीत मात्र कंपनीच्या नावाने फिरते आहे आणि तिला लाइक भरघोस आहेत, याबद्दल आम्ही कृतज्ञच असले पाहिजे!

यात दोष एका अधिकाऱ्याचा नव्हे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. पण त्रयस्थाकडून प्रभाव मूल्यमापन, म्हणजे कामाचा प्रत्यक्ष उपयोग किती झाला याची तपासणी, करून घेण्याची सक्ती आहे ती १ कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या प्रकल्पांना, आणि तीही अशा सामाजिक खर्चाचे मोठे दायित्व असलेल्या कंपन्यांपुरतीच. दोन कपाटांचे मूल्यमापन कोण करणार? मग फॉलोअरचा आकडा सोयीचा पडतो.

गाजावाजा वायाच जातो, असे माझे म्हणणे नाही. २०२० मध्ये गोव्यातील मोलेचे जंगल वाचवण्याची हाक विद्यार्थी आणि चित्रकारांनी इन्स्टाग्रामवरूनच घरोघरी नेली. मात्र मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली, त्यामागे गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेने न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे नेलेले प्रकरण आणि त्या समितीचा अहवाल होता. आमच्या कार्यकारिणीतही हल्ली रील करायला पगारी मुलगा ठेवावा, अशी सूचना येते, आणि ग्रंथपालांचे मानधन थकलेले असताना ती गंभीरपणे चर्चिली जाते. त्या रीलमुळे नवे वर्गणीदार किती झाले आणि वर्षाने त्यांतले किती उरले, हे सांगता येत असेल तर मुलगा अवश्य ठेवावा.

जाता जाता आपल्याविषयीही थोडे. धनादेश देतानाची छायाचित्रे आपण रंगीत छापता; आमच्या व्याख्यानमालेचे टिपण मात्र शेवटचे व्याख्यान होऊन गेल्यावर प्रसिद्ध झाले. यंदाचे टिपण आठवडाभर आधी आपल्या प्रतिनिधीकडे पोहोचते करीत आहोत. ते वेळेत छापावे, ही विनंती.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, डिचोली