सतरा की अठरा

इंदूर, रविवार, रात्री साडेबारा

प्रिय बंड्या,

आठ महिने एक ओळ लिहिली नाही, तुझ्या लेकीच्या बारशालाही आलो नाही. शिव्या दे, मग पुढे वाच. आईचे गुडघे तसेच, बाबांची शुगर आटोक्यात.

तीन वर्षं ज्या व्हिडिओ गेमवर काम करत होतो तो परवा बंद झाला. सकाळी वीस मिनिटांची मीटिंग, दुपारी सर्व्हरचा पासवर्ड चालेना. गेम जाहीरच झाला नव्हता, त्यामुळे तो गेला हेही कुणाला कळणार नाही. 'स्टार वॉर्स १३१३' हा गेमही २०१३ मध्ये गुंडाळला, पण त्याची झलक आदल्या वर्षी लोकांनी पाहिली तरी होती. आमच्याचं नाव घ्यायचीसुद्धा मला बंदी. तशी सही केली आहे. बाबा विचारतात, "तीन वर्षं केलंस काय?" दाखवायला एक चित्र नाही. पिंट्या म्हणाला, "भिया, पगार तो मिला ना?" मिळाला. पिंट्याशी वाद घालून काय होतं, तुला ठाऊक आहे.

पण लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. कबुली समज.

गेममध्ये एक जुनं मराठी गाव होतं. मुख्य इमारतीला मी आपला राजवाडाच घेतला, खाली दगड, वर लाकूड. तो सगळ्यांचा, त्यात चोरी नाही. मागच्या गल्लीला एक वाडा हवा होता. आधी नुसत्या राखाडी पेट्या रचतात, दार केवढं, माणूस केवढा, एवढं बघायला. मी हाताला येईल तसं रचत गेलो आणि संध्याकाळी बघतो तर तुमचा मल्हारगंजातला वाडा! ओसरी, डावीकडे मोरी, माईची तुळस. मग थांबवलंच नाही स्वतःला.

आणि भिंती खऱ्या आहेत रे. वाडा पाडायच्या आदल्या दिवशी मी मोबाइलवर भिंतींचे फोटो काढत होतो आणि तू सगळ्यांदेखत ओरडलास, "पोपड्यांचे फोटो कसले काढतोस, ट्रंक उचल!" दोन महिने अबोला. तेच २१० फोटो टेक्श्चरला, म्हणजे गेममधल्या भिंतींवर चढवायच्या चित्रांना, वापरले. कडीपाट, चौकटी, कठडे यांची नक्षी एकाच चित्रात पट्ट्यापट्ट्यांनी बसवतात, ट्रिम शीट म्हणतात तिला. तुमच्या देवघराची चौकट त्या शीटवरून गावातल्या ४० घरांना लागली. माईला सांगू नकोस. नाहीतर सांग, हसेल.

तुला विचारायला हवं होतं. पण तू हो म्हणून दर आठवड्याला चुका काढल्या असत्यास. आता तो वाडा कागदोपत्री कंपनीचा. तुझ्या काकांनी विकताना निदान सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

फोटो माझे, नोकरीच्या आधीचे. घरी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वाडा नव्याने बांधता येईल, कंपनीची एकही फाईल न घेता. बसलोही होतो काल. पण तुमचा वाडा कुठला आणि मी रचलेला कुठला, हेच आता सुटं होत नाही. तुळशीवर मी दुपारचं ऊन पाडलं होतं, छान दिसायचं म्हणून. खरंच यायचं का तिथे ऊन? मला आता तेच आठवतं.

आणि जिना. मी सतरा पायऱ्या केल्या. तू अठरा म्हणायचास. त्यावरूनच माझा भोवरा मोरीत टाकला होतास, हरामखोरा. गंमत म्हणजे गेममध्ये पायऱ्या नुसत्या दिसायला. कॅमेरा हिसके खाऊ नये म्हणून वर एक अदृश्य उतार टाकतात आणि माणूस त्यावरून चढतो. तेव्हा सतरा काय, अठरा काय, कुणाला फरक पडला नसता. काल फोटोंत मोजायला गेलो, तर खालच्या पायरीपुढे ट्रंक. तीच, मी न उचललेली.

नवी नोकरी बरी आहे ना? वहिनींना नमस्कार, लेकीला पापा. दिवाळीला आलास तर सराफ्यात माझ्याकडून भुट्ट्याचा कीस.

बांधू का, ते कळव. आणि माईला विचार, सतरा की अठरा. तू सांगू नकोस, तिलाच विचार.

तुझा,
बाळ्या