ॲम्प्लिफायर जोडताना ओहमचे गणित पाहावे

महोदय,

गणेशोत्सवात छोट्या मंडळांचे कार्यकर्ते स्वतःच ध्वनियंत्रणा उभारतात. मात्र ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध मोजण्याचे एकक; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त) दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहम होतो आणि चार जोडले की २ ओहम, हे ध्यानात न घेतल्याने किमान ४ ओहमसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर ऐन आरतीत तापून बंद पडतो. आमच्या मंडळात गेल्या वर्षी हेच घडले. आवाज क्षमतेबाहेर गेल्याचे दाखवणारा ‘क्लिप’चा लाल दिवा सतत पेटत असताना आवाज वाढवत राहिल्यास बहुधा आधी ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा भाग) जळतो, म्हणून मिक्सरवरची पातळी लगेच उतरवावी. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू व सर्वांत आधी बंद करावा. स्पीकरमधली गुणगुण थांबवण्यासाठी अर्थिंग तोडणे तर जिवावर बेतणारे आहे. कारण मंडप पावसाने भिजलेला असतो आणि माइक अनेकदा लहान मुलांच्या हातात असतो.

– एक कार्यकर्ता, सातारा