विषय: ट्रोलिंग स्पूनचा (चालत्या बोटीमागे ओढायच्या धातूच्या आमिषाचा) पत्रा जाड करून तो जुन्याच नावाने आणि क्रमांकाने विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, उत्पादन विभाग
(प्रत: ग्राहक सेवा विभाग)

तुमच्या ग्राहक सेवेशी फोनवर बोलणं आत्ताच संपलं आणि फोन ठेवून लगेच हे लिहायला बसलो आहे. त्या विभागाला आता मला काही सांगायचं उरलेलं नाही. हे पत्र तुम्हाला आहे, कारण साचा तुमच्या हातात आहे, पत्रा कुठला घ्यायचा हे तुम्ही ठरवता, आणि स्पून चालतो कसा हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

मुद्दा एकच. सरोवरातल्या सॅमन आणि ट्राउटसाठी जो पातळ पत्र्याचा ट्रोलिंग स्पून तुम्ही वर्षानुवर्षं विकलात, त्याचा पत्रा तुम्ही जाड केला. नाव बदललं नाही. क्रमांक बदलला नाही. पाकिटावरचं चित्रसुद्धा तेच. माझ्याकडे जुना आणि नवा दोन्ही आहेत आणि व्हर्निअर कॅलिपरही आहे. जुना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो, नवा त्याच्या जवळजवळ दीडपट. मोजायचीही गरज नाही खरं तर. जुन्याची कड नखाला लागते, दोन बोटांत धरून दाबला तर तो किंचित लवतो. नवा लवत नाही. फरशीवर टाकला की जुना टिणकन वाजतो, नवा नुसता ठक्क करतो.

१८५२ साली ज्युलिओ ब्युएल यांनी अमेरिकेत स्पूनचं पेटंट घेतलं. तेव्हापासून आजपर्यंत स्पून म्हणजे वाकवलेला पत्राच आहे. त्यात यंत्र नाही, बॅटरी नाही. आकार, बाक आणि जाडी या तीन गोष्टींतून त्याची सगळी चाल येते. त्यातली एक बदलली की ती वस्तू दुसरी झाली. जाड स्पून वाईट असतो असं मी म्हणत नाही. किनाऱ्यावरून लांब फेकायचा असेल तर जाडच हवा, पातळ स्पून वाऱ्यावर भरकटतो. पण ट्रोलिंगचा स्पून कोणी फेकत नाही. तो बोटीमागे सोडायचा असतो. खोली त्याला डाउनरिगरचा, म्हणजे बोटीवरून तारेने खाली सोडलेला, जड गोळा देतो, नाहीतर लेडकोअर, म्हणजे आत शिशाची तार असलेला तंगूस, नाहीतर डायव्हर, म्हणजे तंगूस खाली ओढणारी चकती. स्पूनने स्वतः फक्त डुलायचं, तेही सावकाश वेगात. म्हणूनच तो पातळ असतो. हे तुमच्याच जुन्या पाकिटाच्या मागे छापलेलं होतं. नव्या पाकिटावरून ते वाक्य काढलेलं आहे, म्हणजे काय बदललंय हे छापणाऱ्याला माहीत होतं.

पाण्यात काय होतं ते सांगतो. नितळ पाण्यात बोटीच्या कडेला दोन्ही स्पून हातभर तंगुसावर सोडले आणि वेग ताशी २ मैलांच्या जरा खाली ठेवला. लेक ट्राउटला असाच वेग लागतो. जुना स्पून डावीउजवीकडे लचकतो, मध्येच अर्धा कलंडतो, पोटाकडची चांदी चमकून जाते, पुन्हा सावरतो. जखमी स्मेल्ट (छोटा चंदेरी मासा) नेमका असाच पोहतो, आणि सरोवरात अडकून राहिलेल्या अटलांटिक सॅमनचं बऱ्याच ठिकाणी तेच मुख्य खाणं आहे. तुमचा नवा स्पून त्याच वेगात शेपूट खाली टाकून सरळ ओढत येतो. डुलणं नाही, चमक नाही. वेग पावणेतीनपर्यंत नेला तेव्हा त्याला थोडी जाग आली, पण त्या वेगात लेक ट्राउट सहसा मागे लागत नाही. चिनूक सॅमन लागतो, पण मग पाकिटावर "सर्व सॅमन व ट्राउटसाठी, सर्व वेगांसाठी" असं का छापता? चिनूक साधारण १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात राहतो, लेक ट्राउट त्याहून थंड, ९–१० अंशांच्या थरात, म्हणजे उन्हाळ्यात कितीतरी खोल. दोघांची खोली वेगळी, वेग वेगळा, पुष्कळदा आमिषही वेगळं. हे सगळं एका ओळीत गुंडाळणारा माणूस कधी बोटीवर गेला असेल असं मला वाटत नाही.

आणि वळणावर तर हा स्पून पूर्णच फसतो. ट्रोलिंग करणारा कुणीही बोट सरळ रेषेत चालवत नाही, मुद्दाम नागमोडी नेतो. वळताना बाहेरच्या बाजूचा स्पून वेग घेतो, आतल्या बाजूचा मंदावतो आणि हेलकावे खात खाली जातो. मासा कोणत्या बाजूला लागला यावरून त्या दिवशी वेग वाढवायचा की कमी करायचा हे कळतं. आमच्या पाण्यात तर कितीतरी मासे त्या आतल्या बाजूच्या पडत्या स्पूनलाच लागतात. तुमचा नवा स्पून तिथे दगडासारखा खाली जातो. लेडकोअरवर आणखी घोटाळा. त्या तंगुसाचा रंग दर १० यार्डांना बदलतो, आणि ताशी २ मैलांच्या आसपास एक रंग सोडला की ढोबळ मानाने ५ फूट खोली मिळते, हा हिशोब आम्ही हलक्या स्पूनवर बसवलेला आहे. जड स्पून लावला की सगळं खाली सरकतं. ट्राउट-सॅमन बहुधा वर बघून, खालून येऊन आमिष घेतात. स्पून त्यांच्या डोक्यावरून गेला तर मासा वर उठतो, पोटाखालून गेला तर बहुधा तसाच निघून जातो. तुम्ही पत्रा वाढवून माझं आमिष माशांच्या खाली नेऊन ठेवलंत, आणि पाकिटावर त्याबद्दल एक शब्द नाही.

आता त्या फोनबद्दल. हे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या विभागात यातलं काही नोंदवलं जात असेल असं वाटत नाही.

आधी एका मुलाने फोन घेतला. वरचं सगळं त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "सर, स्पून पाण्यात टाकल्यावर बुडतोय का?" मी म्हटलं, बुडतोय. "मग सर, प्रॉडक्ट व्यवस्थित आहे." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "रीलचं हँडल जरा जोरात फिरवून बघा, सर." मी सांगितलं की ट्रोलिंगमध्ये रॉड होल्डरमध्ये उभा असतो, मासा लागेपर्यंत हँडलला कुणी हात लावत नाही, बोटीचा वेग तोच स्पूनचा वेग. त्याने मला थांबायला सांगितलं. मी थांबलो, संगीत ऐकत. परत आला आणि म्हणाला, "सर, मी विचारून घेतलं. एकदा बोट थांबवून ट्राय करा." बोट थांबवून! गोळा खाली सोडलेला, चिमट्यात तंगूस अडकवलेला, आणि बोट थांबवायची! कुणाला विचारून आला तो? तुमच्या कार्यालयात असा एकही माणूस नाही का, ज्याला ट्रोलिंग हा शब्द माहीत आहे? तुम्ही तो प्रत्येक पाकिटावर छापता.

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय तो त्याने वाचला. राग त्याच्या वरिष्ठांवर आहे. त्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, जाडीचं मापही विचारलं. मला वाटलं, आता कुणीतरी लिहून घेतंय. मग त्या म्हणाल्या, "हो सर, पुरवठादार बदललाय, पत्रा थोडा बदललाय. पण बाकीच्या ग्राहकांना फरक कळत नाही. इतकं बारीक कुणी बघत नाही." मी म्हटलं, मासा बघतो. त्यावर त्या काय म्हणाल्या ऐका: "तुमच्या सरोवरात मासेच कमी असतील, सर."

म्हणजे बदल केला हे कबूल. तो ग्राहकाला सांगितला नाही हेही कबूल. आणि कारण काय, तर ग्राहकाला कळत नाही. ज्याला कळलं त्याच्या सरोवरात मासे नाहीत! हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. त्याच सरोवरात, त्याच तासाला, त्याच खोलीवर, शेजारच्या रॉडवरच्या जुन्या स्पूनला मासे लागत होते.

परत करायचा म्हटलं तर उत्तर ठरलेलं: पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही. पाकीट न उघडता पत्र्याची जाडी कशी बघायची, तेवढं कृपया कळवा. नाव तेच, क्रमांक तोच, चित्र तेच, वरून बघणाऱ्याला कळणार कसं?

चमकणाऱ्या रंगाबद्दलही सांगून ठेवतो. पहाटे अंधारात चिनूकसाठी जो हिरवा चमकता स्पून लागतो, त्याचा नवा रंग टॉर्चखाली धरल्यावर उजळतो, पण पाण्यात खाली पोचून थोडा वेळ होतो न होतो तोच विझतो. जुना बराच वेळ टिकायचा. खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, हिरवा-निळा खाली पोचतो, म्हणून तर हिरव्याचे पैसे मोजले. पण ही तक्रार दुय्यम आहे. रंगाचं मी बघून घेईन. पत्र्याचं मला काही करता येत नाही.

तुमच्यावर विश्वास होता म्हणून एवढं लिहितोय. माझ्या मुलीला ट्रोलिंग शिकवलं ते याच स्पूनवर. रॉडचं टोक एका लयीत थरथरत असलं की स्पून नीट चालतोय, थरथर थांबली की काडीकचरा अडकलाय, हे तिला याच स्पूनने शिकवलं. परवा नवा स्पून लावल्यावर टोक हललंच नाही. तिने दोनदा तंगूस गुंडाळून कचरा शोधला. कचरा नव्हता. मला तिला सांगावं लागलं की स्पूनच तसा आहे. तुमच्या मालाबद्दल असं वाक्य माझ्या तोंडून निघेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या मागण्या अशा. जुन्या जाडीचा स्पून पुन्हा काढा. ते जमत नसेल तर नव्याला नवं नाव आणि नवा क्रमांक द्या, पाकिटावर जाडी आणि योग्य वेग छापा, आणि "सर्व वेगांसाठी" ही ओळ काढून टाका. माझ्याकडचे नवे स्पून, पाकीट उघडलेलं असलं तरी, परत घेऊन पूर्ण पैसे द्या. ज्यांनी कुणी ते या काळात घेतले असतील त्यांनाही ही सवलत जाहीर करा, कारण त्यातले बरेच जण आज मासे का लागत नाहीत म्हणून स्वतःच्याच वेगाला आणि खोलीला दोष देत बसले असतील.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर दोन्ही स्पून, मोजमापं आणि बोटीच्या कडेला काढलेला व्हिडिओ घेऊन ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाईन, आणि माझ्या ओळखीच्या प्रत्येक ट्रोलिंग करणाऱ्याला ते दाखवीन. तुमच्या वरिष्ठ बाईंनी पत्रा बदलल्याचं मान्य केलं आहे. संभाषण नोंदवलं जातं असं तुमचीच ध्वनिफीत सुरुवातीला सांगते, तेव्हा ते तुमच्याकडे असेलच. पुसू नका.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

तुमचा आजवरचा नियमित ग्राहक
(सोबत: जुन्या व नव्या स्पूनची छायाचित्रं, कॅलिपरसह, दोन्ही पाकिटांच्या मागच्या बाजू)