बाबांची दाढी आणि तुमचा सोमवार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आषाढात एका सोमवारी, सलून बंद असतं त्या तुमच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही आमच्या घरी आलात. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चालायचंच ताई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांना कंपवात होऊन तीन वर्षं झाली. शर्टाची बटणं सुटली, सही सुटली, पण रोजची दाढी सोडायला ते तयार नव्हते. त्यांचा तो जुना, जड सेफ्टी रेझर त्यांच्याच हातात थरथरायला लागला, तेव्हा तो मी घेतला. पहिल्याच दिवशी जबड्याखाली दोन ठिकाणी कापलं. बाबा काही बोलले नाहीत, नुसते डोळे मिटून बसले. मला वाटलं पातं बोथट झालंय. नवं घातलं, आणखी दाबून फिरवलं, तर गळाभर लाल पुरळ उठलं.

तुम्ही आल्याआल्या पातंच काढून ठेवलंत आणि रिकामा रेझर मला माझ्याच हातावर फिरवायला लावलात. नुसत्या वजनाने. दाबलं की तुम्ही मनगटाला हळूच टिचकी मारायचात. मग पातं बसवून, बाबांच्या फेस लावलेल्या गालावर म्हणालात, "हँडल गालाशी काटकोनात धरा. फक्त डोकं टेकू द्या. आता हँडल हळूहळू खाली आणा." वर असताना रेझर नुसताच घसरत होता, केसाला लागतच नव्हता. खाली येता येता, पातं आणि कातडी यांच्यात साधारण ३० अंश उरले असतील, बारीक खर्र झालं. "ऐकलंत? तिथंच थांबा."

मी हँडल त्याच्याही खाली पाडत होते. धार उभी राहायची आणि केस कापण्याऐवजी कातडी खरवडायची. पुरळ त्याचं होतं, पात्याचा काही दोष नव्हता. वस्तऱ्याला सगळा कोन मनगटाने राखावा लागतो, या रेझरला तो निम्मा बनवणाऱ्यानेच देऊन ठेवलाय, हेही तुम्हीच दाखवलंत. पात्यावरची टोपी आणि पात्याखालची आडवी संरक्षक पट्टी दोन्ही कातडीला टेकलेल्या राहिल्या की झालं. जिलेटला या रेझरचं पेटंट मिळालं १९०४ साली. इतकी वर्षं घराघरांत ही वस्तू आहे, आणि बाबांच्या खोलीत ती रोज दिसत असूनही मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गाल सोपा. जबड्याच्या वळणावर मात्र कोन तोच राखायचा तर मनगट वळवावं लागतं, आणि तिथे मी महिनाभर अडले. गळ्यावरचे केस बाबांचे डावीकडे आडवे वाढतात, ते तुम्ही बोट फिरवून मला जाणवून दिलंत. आता सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने, हनुवटीची थरथर जरा निवली की आम्ही बसतो. बोटभर अंतराचेच फटकारे, दर वेळी रेझर धुऊन. थरथर आली की रेझर उचलून थांबायचं. शेवटी ओली तुरटी.

"मी रोज येत जाईन, महिन्याचे ठरवून द्या," असं तुम्ही सहज म्हणू शकला असतात आणि आम्ही आनंदाने दिले असते. तुम्ही तुमची विद्याच माझ्या हातात ठेवलीत. परवा बाबांनी हाताची पालथी बाजू गालावरून फिरवली आणि म्हणाले, "आज गुळगुळीत झालीय." काका, किती महिन्यांनी ते स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बोलले!

नाकाखालची जागा अजून मला नीट जमत नाही. रेझरचं डोकं तिथे मावत नाही आणि कोन सुटतो. येत्या सोमवारी चहाला या, तेवढं दाखवा. बाबांनीही बोलावलंय.

तुमची,
गल्लीतली ताई